मधेच विझणारा ठिपका

"काका, आता कुठंय ते?"

हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती, आणि मी पैजेला मागे हटणारी नव्हे. निदान या वर्षापासून तरी नव्हे.

दिवेलागणीला शाळेच्या मैदानावर आम्ही सगळे माना वर करून उभे होतो. बाईंनी सांगितलं होतं तसंच अंतराळस्थानक व्यायामशाळेच्या छपरामागून वर आलं. न लुकलुकणारा ठसठशीत ठिपका, जणू घरी जायची घाई असावी असा सरळ निघालेला. आत माणसं आहेत या कल्पनेनंच आम्ही किंचाळलो. मग ऐन डोक्यावर ते पृथ्वीच्या सावलीत शिरलं आणि विझलं.

हॉर्नकाका दर वेळी आमच्यानंतर ओरडतात, त्यांना काही दिसत-बिसत नाही, असं मैत्रिणींचं म्हणणं. म्हणून मी ते विझल्यावर विचारलं.

काकांनी हात उंचावला. "ते काय, झाडावरनं चाललंय. झोकात चाललंय बघ, तोफे."

सगळं मैदान हसलं. सगळ्यात मोठ्यानं मी. बसगाड्यांचं काम बघणारे सर तेवढे हसले नाहीत.

हॉर्नकाका म्हणजे आमच्या बसचे ड्रायव्हर. एकदा हॉर्न बिघडला, तर पठ्ठ्यानं आठवडाभर तोंडानं हॉर्न वाजवला. पहिलीत मी सीटमागे लपून बसायचे, तेव्हा ते मला मांजर म्हणायचे. तुझा स्टॉप तू ओरडून सांगितल्याशिवाय बस थांबणार नाही, असा दम भरून त्यांनीच मला ओरडायला शिकवलं. यंदा मांजरीची तोफ झाली, आणि तोफेचा पहिला गोळा त्यांच्यावरच पडला.

सरांनी काकांचे डोळे तपासून घ्यायला लावले. पडद्याचा आजार निघाला, बरा न होणारा. दिवसा ठीक, पण उजेड उतरला की सगळं धुरकट. काकांकडून बसची चावी काढून घेतली. ती घ्यायलाच हवी होती, हे मलाही कळतं. पण प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापिका म्हणाल्या की एका विद्यार्थिनीच्या जागरूकतेमुळे मोठा अपघात टळला, तिचा सोमवारी सत्कार करू. तेव्हा मी मान ताठ करून उभी राहिले. घरी तर सांगून टाकलं की मला आधीपासून शंका होतीच. बाबांनी ते सगळ्या बिल्डिंगला ऐकवलं.

शनिवारी संध्याकाळी स्थानक पुन्हा दिसणार होतं. मी काकांच्या घरी गेले. ते पायरीवर बसले होते, हात मांडीवर, जणू कुणाची तरी वाट बघत. मला वाटलं, आता चांगली खरडपट्टी निघणार. निघाली असती तर बरं झालं असतं.

"बरं झालं विचारलंस," ते म्हणाले. "माझ्यानं सांगवत नव्हतं. पोरं ओरडली की मीही ओरडायचो. तेवढ्यापुरतं दिसल्यासारखं व्हायचं."

समोरच्या गच्चीवरून ठिपका वर आला. मी काही म्हणणार होते, ते सोडून वर बघत राहिले.

"आलं ना?" काकांनी विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तू गप्प झालीस. सांग की मग. ओरडायला शिकवलं ते कशाला?"

मग मी सांगत गेले. गच्ची सोडली, तारेवरून गेलं, आता डोक्यावर आलं. काकांची मान माझ्या आवाजामागून हळूहळू वर होत होती.

"विझलं," मी म्हणाले.

त्यांची मान तशीच वर राहिली. "असं मधेच विझतं होय? मला वाटायचं, पार पलीकडपर्यंत जातं."

घरी आले तेव्हा आई सोमवारसाठी माझ्या गणवेशाला इस्त्री करत होती. बाबा फोनवर कुणाला तरी सत्काराची वेळ सांगत होते. मी ते फोन ठेवेपर्यंत थांबले.

"मला शंका-बिंका काही आली नव्हती," मी म्हणाले. "पैज होती. काकांचं हसं करायचं होतं."

आईची इस्त्री हवेतच थांबली.

"सोमवारी मी स्टेजवर जाणार. बक्षीस घेणार नाही. माईक घेणार."