गुडघ्यांवरची फळी

टेलिफोन एक्स्चेंजमधली पाळी संपवून ग्लेनिस घरी जायची, ती त्या दिवशी खडकाकडे वळली. का वळली हे तिला नंतरही नीट सांगता आलं नसतं. मे महिना संपत आला होता, जमिनीकडून गार वारा सुटला होता आणि अशा वाऱ्यात ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या त्यांच्या उल्लाडुल्ला गावच्या खडकावर लाटा कशा उभ्या राहतात ते तिला पाठ होतं. दोन वर्षं तिने ते बघायचं टाळलं होतं.

दोन वर्षांपूर्वी धक्क्यावर नवऱ्याच्या बोटीतून मासळी उतरवताना बर्फाने भरलेली पेटी तिच्या उजव्या पावलावर आली. अंगठा आणि त्याच्या शेजारची तीन बोटं गेली, करंगळी तेवढी राहिली. चालता येत होतं, गाडी चालवता येत होती, एक्स्चेंजमध्ये तर दिवसभर बसूनच काम. पण फळी घेऊन लाटांवर स्वार व्हायचा तिचा नाद मात्र सुटला; लाटेवर फळीवर उभं राहायचं तर एका झटक्यात उठावं लागतं, आणि त्या झटक्याला लागणारा पायच उरला नव्हता. पेट्या दोराने खाली सोडणाऱ्या यारीवर त्या दिवशी तिचा नवरा कार्मेलो होता. दोर अडकला आणि मग एकदम सुटला, असं सगळं बंदर म्हणत होतं. त्या दोघांत मात्र या विषयावर एक शब्द झाला नव्हता.

खडकापाशी पाण्यात चार-पाच पोरं होती आणि एक दाढीवाला माणूस. तो उभा राहतच नव्हता. आखूड, रुंद फळीवर दोन्ही गुडघे टेकून, बूड टाचांवर टेकवून तो लाटेच्या पोटात शिरत होता आणि पलीकडून बाहेर निघत होता. ग्लेनिस दीड तास खडकावर बसून राहिली. तो बाहेर आल्यावर तिने सरळ जाऊन विचारलं, ही कुठे मिळते.

त्याचं नाव लेस्टर. उत्तरेकडून गाडी घेऊन फिरत फिरत आला होता. अशी फळी दुकानात मिळत नाही, आपली आपण करायची, असं तो म्हणाला. तिच्या बुटाकडे त्याने एकदा पाहिलं. वाळूत फळी ठेवून तिला वर बसायला लावलं.

"उभं राहायची घाई लोकांनाच असते," तो म्हणाला. "बसल्यावर लाट दुप्पट मोठी दिसते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघायच्या आत ग्लेनिस मासळी गुंडाळायचा कागद घेऊन पोचली आणि पेन्सिलीने फळीचा आकार उतरवून घेतला. साडेपाच फूट लांब, दोन फुटांहून थोडी कमी रुंद, मागे बदकाच्या शेपटीसारखी फाकलेली. फळीच्या आतला हलका फोम कुठून आणायचा हेही लेस्टरने सांगितलं. जुनी लांब फळी असेल तर तिची फायबरग्लासची, काचेच्या तंतूंची साल काढ, आत सगळं तयार आहे.

जुनी फळी होती. साडेनऊ फुटांची, लाल पट्ट्याची, गॅरेजच्या तुळयांना टांगलेली. लग्नाआधी कार्मेलो तिला पहिल्यांदा भेटला तेव्हा हीच फळी त्याने किनाऱ्यापासून रस्त्यापर्यंत उचलून दिली होती, आणि वाटेत दोनदा पडला होता. ग्लेनिस ती खाली उतरवायला लागली तसा तो दारात आला.

"ती मोडू नकोस," तो म्हणाला. "दुसरं काहीतरी आणू."

"दुसरं मिळतच नाही."

तो दारातूनच वळला. जाळी आवरायची आहेत म्हणून बंदरावर निघून गेला.

फळी घेऊन ती सासऱ्यांच्या शेडमध्ये गेली. नुन्झिओ इटलीतल्या सिसिलीकडचे. पन्नास वर्षं लाकडी बोटी बांधत आलेले, आता एकाहत्तराव्या वर्षी डागडुजीची कामं तेवढी घेत. त्यांना पोहता येत नव्हतं आणि शिकायची इच्छाही नव्हती. पाण्यात पडावं लागू नये म्हणूनच माणसाने बोट काढली, आणि ही इथली माणसं आपण होऊन पडायला जातात, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. सून लाटांवर जायची तेव्हाही ऐकवत. तिने सगळा बेत सांगितल्यावर त्यांनी शेडचा एक कोपरा बोटाने दाखवला आणि माझी पटाशी फोमला लावायची नाही, एवढंच बजावलं.

साल काढायलाच दोन रविवार गेले. छिन्नीने कड उचकटायची, पकडीने धरायची आणि अंग मागे टाकून ओढायची. कर्रकर्र करत पट्टा निघायचा. काचेच्या तुसांनी मनगटं सुजली, रात्री खाजेने झोप येईना. आतला फोम जुन्या दातांसारखा पिवळा पडलेला होता आणि मधोमध लाकडाची पातळ पट्टी होती. चांगला भाग निवडून तिने करवतीने कापला, कागद ठेवून आकार उतरवला आणि रंधा हातात घेतला.

नुन्झिओ आपल्या कामात होते, पण त्यांचे कान इकडेच होते.

"पोरी, चीज किसतेस की काय?"

"मग कसं करू?"

"मला काय विचारतेस? मी बोटी बांधतो. बुडायची साधनं नाही बांधत."

असं म्हणून ते आपल्या कामाला लागले, आणि पाच मिनिटांनी उठून आले. रंधा ढकलायचा तो खांद्याने नाही, कमरेने. सुरुवात हलकी, मध्ये भार, शेवट हलका. एकदा करून दाखवलं आणि परत गेले. त्यांची बोटं आता थरथरायची, पण रंधा हातात आला की थरथर थांबायची. ग्लेनिसने ते पाहिलं.

तिसऱ्या रविवारी घात झाला. शेपटीकडे डावी बाजू उतरवत असताना रंध्याचं पातं मधल्या लाकडी पट्टीत अडकलं, तिने जोर केला आणि पातं उसळून फोममध्ये घुसलं. अंगठा आत जाईल एवढा लचका निघाला. ती मासळीच्या पेटीवर बसली. तीन आठवड्यांचं काम होतं आणि दुसरा फोम नव्हता. जरा वेळाने तिने नुन्झिओंना विचारलं, हे फोमची भुकटी आणि रेझिन, म्हणजे वाळून घट्ट होणारी राळ, भरून बुजवता येईल का. नुन्झिओंनी हातातलं काम ठेवलं. शेडची दारं लावली, खिडकीवर गोणपाट टाकलं आणि एक दिवा आणून फळीच्या कडेला, अगदी खाली, तिच्याच उंचीला ठेवला.

आडव्या उजेडात फळीवर सावल्या उमटल्या. उंचवटे, खळगे, रंध्याच्या वाटा. सपाट म्हणून ज्या भागावर ती खूश होती तोही नांगरल्यासारखा दिसत होता.

"हा एक दिसला म्हणून तोंड पाडून बसलीस," नुन्झिओ म्हणाले. "बाकीचे दिसत नव्हते तोवर मजेत होतीस. आता डोळे मीट. दोन्ही हात दोन्ही कडांवर ठेव आणि पुढून मागे ने. कुठला हात वर उचलला जातो ते सांग."

"डावा. इथे."

"आणि?"

"परत डावा. मग उजवा."

"आता तुला फळी कळायला लागली."

मार्ग दोन होते. खड्डा बुजवायचा, पण मग तिथे जडपणा राहणार आणि फळी एका बाजूला ओढणार. नाहीतर सगळी फळीच त्या खड्ड्याच्या तळापर्यंत पातळ करायची; पण मग ती तिचं वजन तोलेल की नाही याची खात्री नाही. नुन्झिओंनी दोन्ही सांगितलं आणि काय करायचं ते तू ठरव म्हणाले. ग्लेनिस घरी गेली, कार्मेलोला जेवायला वाढलं, भांडी घासली. सकाळी पाळीवर जायच्या आधी ती शेडमध्ये आली आणि तिने रंधा फिरवायला सुरुवात केली. पातळ तर पातळ.

गुडघे घट्ट बसावेत म्हणून फळीत खळग्या कोरायच्या, हे नुन्झिओंच्या डोक्यातून निघालं. मासळीच्या पेटीत ओली वाळू भरून त्यांनी सुनेला तिच्यात गुडघे टेकून बसायला लावलं. ती उठल्यावर वाळूत उमटलेल्या खोलीची मापं त्यांनी पेन्सिलीने दाराच्या चौकटीवर लिहिली, जिथे ते बोटींची मापं लिहीत. डावा गुडघा उजव्यापेक्षा खोल उतरला होता. दोन वर्षं आपण सगळा भार कुठे टाकतोय, हे ग्लेनिसला तेव्हा कळलं. खळग्या तिने त्याच मापाने कोरल्या, एक उथळ, एक खोल.

ऑगस्टातल्या एका शनिवारी दक्षिणेचं वादळी वारं सुटलं. बोटी बाहेर पडल्या नाहीत. ग्लेनिसने काचेचं कापड चढवायला तोच दिवस धरला होता. शेड उबदार राहावी म्हणून नुन्झिओंनी शेगडी पेटवली होती, आणि तिथेच चुकलं. उबेत रेझिन लवकर घट्ट होतं याचा हिशोब न धरता तिने त्यात ते आवळणारा हार्डनर पुरा ओतला. ब्रश घेईपर्यंत डबा हाताला चटके देऊ लागला, मग धूर निघाला, आणि आतलं सगळं दगडासारखं झालं. नुन्झिओंनी चिमट्याने डबा धरून अंगणात फेकला.

धूर बघून कार्मेलो बंदरावरून धावत आला. शेडमध्ये आग नाही हे पाहून तो दारातच थांबला. मग फळीकडे बघत राहिला. फळी लाकडी घोडीवर होती, पांढरीपिवळी, बोटभर कडांची, मध्ये दोन खळग्या. त्याने ती दोन महिन्यांत एकदाही पाहिली नव्हती.

त्याने कोट काढला. "शेगडी विझवा पापा," तो म्हणाला. "ग्लेनिस, हात पुसून घे. मी मापतो."

कापड पसरायला चार हात लागतातच. तो डब्यातून पातळ धार सोडत होता आणि ती रबराच्या पट्टीने रेझिन मधून कडेकडे ओढत होती. कापड भिजत होतं तसं दिसेनासं होत होतं. अर्धी फळी झाली तेव्हा कार्मेलो धारेकडेच बघत बोलला.

"दोर अडकला नव्हता. सगळे अडकला म्हणतात. मला कुणीतरी हाक मारली, मी मागे बघितलं आणि ब्रेकवरचा माझा हात सुटला."

ग्लेनिसला पट्टी थांबवता येत नव्हती. थांबवली असती तर तिथे रेझिनचा गोळा धरला असता.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी तुझ्याकडेच बघत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले. तू तर माझ्यासमोर समुद्राचं नावच टाकलंस. मासळी किती लागली तेही सांगेनास. पायाचं मी केव्हाच सोडून दिलंय, कार्मेलो. तू गप्प झालास ते नाही सोडता आलं."

त्याच्या हातातली धार जरा वेडीवाकडी झाली. तिकडून पट्टी फिरवून तिने ते सारखं केलं. दारापाशी ब्रश धूत असलेल्या नुन्झिओंना सगळं ऐकू गेलं असणार. ते पाठमोरेच राहिले. मग ब्रश ठेवून फळीपाशी आले आणि म्हणाले, "शेपटीकडे बुडबुडा राहिलाय. तुमचं झालं असेल तर तेवढा बघा."

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी फळी पाण्यात गेली. ग्लेनिसने पायांत पोहायचे रबरी पंख चढवले. उजव्यात पोहायच्या जुन्या रबरी सूटचा तुकडा कोंबला होता, नाहीतर तो निघून आला असता. फळी खरोखरच पातळ झाली होती. ती वर बसली की फळी पाण्याखाली जायची आणि तिच्या कमरेपर्यंत पाणी यायचं. पहिल्या लाटेला टोक पाण्यात घुसलं आणि ती पालथी झाली. दुसरी तिच्याखालून निघून गेली. तिसऱ्या वेळी घसरू नये म्हणून फळीला लावलेल्या मेणात चिकटलेल्या वाळूने दोन्ही गुडघे सोलले गेले. किनाऱ्यावर कार्मेलो टॉवेल घेऊन उभा होता आणि त्याच्या शेजारी नुन्झिओ, चर्चमधून परस्पर आलेले, गळ्यात टाय.

मग वारा पडला. बाहेरून तीन लाटांचा एक घोळका आला आणि ग्लेनिसने मधली धरली. पाय मारता मारता बुडालेली फळी आपोआप वर आली. लाटेनेच ती उचलली. उठायचं काही नव्हतंच. गुडघे आपापल्या खळग्यांत होते आणि तिच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर हिरव्या पाण्याची भिंत वर चढत होती. तिने उजवीकडे भार दिला तशी फळी वळली, इतकी चटकन की ती जवळजवळ उलटलीच. तिने हात पाण्यात घातला. पाणी बोटांतून फर्रकन निघून जात होतं. खडक संपेपर्यंत लाट तिला घेऊन गेली, मग मऊ झाली आणि तिला सोडून पुढे गेली. ती तशीच गुडघ्यांवर बसून धापा टाकत होती आणि हसत होती, आणि आपण हसतोय हे तिला दात गार पडल्यावर कळलं.

त्या सकाळी तिला अशा चार लाटा मिळाल्या. बाहेर आली तेव्हा ओठ निळे होते. कार्मेलोने टॉवेल तिच्याभोवती गुंडाळला आणि सोडलाच नाही. नुन्झिओंनी मात्र आधी फळी उलटी केली आणि शेपटीवरून हात फिरवला.

"उजवीकडे बरी वळते," ते म्हणाले. "डावीकडे पाणी धरून ठेवते. कड अजून जाड आहे."

"आता काच चढली, पापा."

"मग दुसरी कर. मासळीचा कागद आहे ना?"

मंगळवारी एक्स्चेंजमध्ये शेजारच्या मिल्टन गावाहून एक फोन आला. शाळेतले एक मास्तर, ग्लेनिसला आवाजावरून माहीत होते. खुब्याच्या दुखण्याने त्यांनी लाटांचा नाद सोडल्याला सहा वर्षं झाली होती. त्यांना कुठला नंबर जोडून नको होता. रविवारी खडकावर गुडघ्यांवर बसून कोण होतं, एक्स्चेंजवाल्यांना तरी ठाऊक असेल, असं त्यांनी विचारलं. ग्लेनिसने इकडेतिकडे पाहिलं, पर्यवेक्षक बाई चहाला गेल्या होत्या.

"मीच होते," ती म्हणाली. "शनिवारी सासऱ्यांच्या बोटींच्या शेडवर या. तुमच्याकडे एखादी जुनी लांब फळी पडली असेल तर घेऊन या. आणि सासरे काहीही बोलले तरी मनावर घेऊ नका."