अंगठ्याखाली दुखतं का?

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. बायपास झालेले पन्नासएक जण गळ्याची बटणं सोडून रांगेत उभे, आणि समोर अंगठेमहाराज. महाराज छातीवरच्या व्रणावर अंगठा दाबून विचारायचे, ‘दुखतंय?’ हो म्हटलं की भक्त स्वीकारला. दोन महिन्यांत वेदना गायब. नाही म्हटलं तर, ‘तुझं पाप जाड, माझा अंगठा आत पोचत नाही,’ आणि घरी रवानगी. स्वीकारलेला जवळजवळ प्रत्येक जण बरा होई. मग लोकांनी आरोळ्या ठोकायच्या नाहीत तर काय करायचं!

अण्णा शिंप्यांची मुलगी हृदयविभागात परिचारिका होती. अण्णांच्या बायपासला वर्ष झालेलं, आणि दुकानाचा जिना चढताना त्यांची छाती पुन्हा आवळायला लागलेली. तिने तपासणीची तारीख घेऊन ठेवली. अण्णा त्या तारखेला महाराजांकडे गेले, स्वीकारले गेले, आणि गोळ्यांचा डबा त्यांच्या पायाशी ठेवून आले. मुलगी भांडली, रडली. पालथ्या घड्यावर पाणी.

पाचव्या आठवड्यात अण्णा जिन्यातच कोसळले. वॉर्डात सलाईन लावताना तिने विचारलं, महाराजांनी दाबलं तेव्हा खरंच दुखलं होतं का?

‘नाही गं,’ अण्णा म्हणाले. ‘व्याही शेजारीच उभे होते. सगळ्यांदेखत पापी कसा ठरू?’

त्याच दुपारी ते गेले.

पुढच्या रविवारी ती सभागृहात शिरली. शिंप्याची श्रद्धा कमी पडली, असं महाराज सांगतच होते. तिने माईक ओढून घेतला.

‘ऑपरेशनमध्ये छातीचं हाड कापून तारेने बांधतात. ते दाबलं की दुखतं आणि दोन-तीन महिन्यांत आपोआप जुळतं. हृदयाचं दुखणं दाबून कळत नाही. ते चालताना, चढताना आवळतं. हा माणूस बरी होणारी हाडं ठेवून घेतो आणि आजारी हृदयं पापी म्हणून हाकलतो. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. हाकललेल्यांच्या घरी जा, किती उरलेत ते बघा.’

रांगेत सर्वांत पुढे उभ्या असलेल्या बाईला तिने विचारलं, कधी दुखतं?

‘चढ चढताना,’ बाई हळूच म्हणाली.

‘मग आत्ता माझ्याबरोबर दवाखान्यात चला.’

बाईने मागे पाहिलं. सून, शेजारीण, सगळी रांग तिच्याकडेच बघत होती. ती पुढे सरकली. महाराजांनी अंगठा नुसता टेकवला, अजून दाबलाही नव्हता.

‘दुखतंय,’ बाई म्हणाली.