सेमिसीच्या तोंडचा सिनेमा

टोंगा बेटांवरच्या नुकुआलोफाच्या पत्र्याच्या थिएटरात शनिवारी दुपारी सिनेमा पडद्यावर कमी आणि सेमिसीच्या तोंडातच जास्त असायचा. सिनेमा इंग्रजी, बघणारे सगळे टोंगन. म्हणून सेमिसी कर्णा घेऊन पडद्याशेजारी उभा राही आणि सगळ्या पात्रांचं बोलणं आपल्या भाषेत सांगे. सांगे कसला, पदरचंच घाले! दरोडेखोराला गावातल्या कंजूष दुकानदाराचं नाव देई. कुणी मेलं आणि बायका मुसमुसायला लागल्या की, "रडू नका गं, नुसती चक्कर आलीय," म्हणून मोकळा होई. लोक टाळ्या पिटत. दहा वर्षांची लुपे पहिल्या बाकावर, धाकट्या बहिणीला, फुसीला, मांडीवर घेऊन, ऐटीत बसे. आपला बाप तो!

आईची पत्रंही बाबाच वाचून दाखवायचा. आई तीन वर्षांपूर्वी ऑकलंडला कारखान्यात कामाला गेली होती. बाबा पत्र कधी हातात द्यायचा नाही. वाचून झालं की खिशात. "आई नाताळाला येतेय," हे दर पत्रात. नाताळ आले नि गेले. लुपे मात्र प्रत्येक बोटीला धक्क्यावर जाऊन उभी राहायची.

त्या शनिवारी पडद्यावर एक बाई पेटी घेऊन दारात उभी होती आणि पोर तिच्या झग्याला लोंबकळत होतं. लुपेला एव्हाना शाळेतलं इंग्रजी बऱ्यापैकी कळू लागलं होतं. बाई म्हणाली, मी परत येणार नाही, माझी वाट बघू नकोस. अगदी स्वच्छ ऐकू आलं.

"दोन दिवसांत येते हं, बाळा," बाबा कर्ण्यातून म्हणाला. "येताना तुला बूट आणते."

बूट! आईच्या पत्रातही फुसीसाठी बूटच होते. हाच आवाज, हाच लाडिक हेल.

"खोटं!" लुपे ताडकन उठली. "बाबा, तू खोटं सांगतोस! ती असं म्हणालीच नाही!"

थिएटर खदखदून हसलं. "घ्या, सेमिसीच्या घरातच मास्तरीण निघाली!" पण सेमिसी हसला नाही. कर्णा हळूहळू खाली आला.

"ओ सेमिसी, दातखीळ बसली का? बोल की!"

तो लुपेकडे नुसता बघत राहिला. त्या बघण्यातच तिला सगळं कळलं, तरी मेलं मन मानेना.

"पत्र दे," बाहेर आल्यावर ती म्हणाली. "दे ना रे बाबा, तुझ्या पाया पडते."

त्याने खिशातून कागद काढला. घामाने मऊ झालेला, घड्यांवर फाटलेला. अक्षर आईचंच. मी इथे दुसरा संसार मांडलाय. पोरींना सांग, वाट बघू नका. तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. त्यानंतर पत्र आलंच नव्हतं. हाच एक कागद बाबा दर महिन्याला नवा म्हणून वाचत होता.

"मला दुसरं काही सुचलंच नाही गं," म्हणत तो नीरफणसाच्या झाडाखाली मटकन बसला. लुपेला त्याचा गळा दाबावासा वाटला, आणि त्याच गळ्यात पडून रडावंसंही वाटलं.

फुसी तिचा हात ओढत होती. "ताई, आईचं पत्र आलं? काय म्हणते? येतेय ना?"

लुपेने कागद डोळ्यांसमोर धरला. अक्षरं दिसेनात. तिने घसा खाकरला, बाबा खाकरायचा तसाच.

"येतेय," ती म्हणाली. "नाताळाला. तुझे बूट घेतलेत म्हणे. लाल."