चारच्या मोटारीचे पाकीट

...पाकिटाचा कोपरा पुन्हा टोचला. लांबट, बदामी, डाव्या कोपऱ्यात लाल शाईने 'बातमी – तातडीचे' असे छापलेले ते पाकीट सदऱ्याच्या खिशात धड मावत नव्हते, आणि मोटार खड्ड्यातून गेली की नेमके छातीत रुतत होते. दत्तात्रय भक्ते दर वेळी त्यावरून तळहात फिरवी आणि पुन्हा खिडकीबाहेर बघे. बाहेर कापूस फुटला होता. संत्र्यांच्या बागांतून वाकलेल्या फांद्यांना बांबूचे टेके दिलेले होते, आणि पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंतचा हा रस्ता शंभरदा पाहिलेला असूनही आज तो कोणीतरी खास त्याच्यासाठी झाडून ठेवल्यासारखा वाटत होता. बावन्नाव्या वर्षी माणसाने इतके खूश होऊ नये. पण झाला होता खरा. काय करता!

पाकिटात दोन कागद होते, जिभेने ओली केली की शाईसारखी उमटणाऱ्या जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेले. 'सौंसर, ता. २८ (आमच्या वार्ताहराकडून) – आज येथे नव्या वार्ताहरांचा वर्ग अत्यंत उत्साहात पार पडला. ज्येष्ठ वार्ताहर श्री. दत्तात्रय भक्ते यांचे मार्गदर्शन ऐकताना उपस्थित मंत्रमुग्ध झाले...' वर्ग बारा वाजता सुरू व्हायचा होता. आता कुठे नऊ वाजत होते.

यात त्याला वावगे काही वाटत नव्हते. बावीस वर्षे तो अशाच बातम्या पाठवत आला होता. पांढुर्ण्यात वह्या-पाट्यांचे दुकान, त्यातच नागपूरच्या पेपरची एजन्सी, आणि एजंट तोच वार्ताहर. बातमीचे पाकीट सकाळच्या नागपूर पॅसेंजरने गेले तर दुसऱ्या दिवशी छापून येई. गाडी हुकली की बातमी शिळी, आणि शिळी बातमी कोण छापतो? सभा कधी वेळेवर सुरू झाल्याचे त्याने पाहिले नव्हते, गाडी मात्र बहुतेक वेळेवर सुटे. तेव्हा आदल्या संध्याकाळीच लिहून टाकायचे – अध्यक्ष कोण, हार कोण घालणार, आभार कोण मानणार. एकदा एक अध्यक्ष तापाने घरीच पडून राहिले आणि पेपरात त्यांचे स्फूर्तिदायक भाषण छापून आले; त्यांनी निरोप पाठवला, भाषण आवडले म्हणून. त्यावर दत्तात्रय आठवडाभर हसत होता.

सकाळी निघताना सुधाने विचारले होते. दिवाळी पाच दिवसांवर, ती चिवड्याचे पोहे भाजत होती, आणि वर न पाहताच म्हणाली, "बातमी लिहून झाली ना तुमची?"

"झाली."

"मंग तेथ कायले जाऊन राहिले? आरामात घरी बसा, चिवडा खा."

अशी ही बायको. पण तिलाही कळत होते आजचा दिवस काय आहे. कोट तिनेच इस्त्री करून ठेवला होता. बावीस वर्षे 'आमच्या वार्ताहराकडून', 'आमच्या वार्ताहराकडून'... आग लागली, पूर आला, गांधीजी गेले, कापसाच्या जिनिंग कारखान्यात संप झाला, सगळे त्यानेच लिहिले, आणि त्याचे नाव एकदाही, चुकूनसुद्धा, छापले गेले नव्हते. आता छापले जाणार होते. संपादकांचे पत्रच होते तसे – 'येत्या एक तारखेपासून आपण परराज्यात जात आहात' – म्हणजे राज्यांच्या हद्दी बदलल्या आणि दुकान तसूभर न हलवता मी परराज्यात! नागपूर मुंबई राज्यात, आम्ही भोपाळच्या मध्य प्रदेशात – 'तरी तिकडचे मराठी वाचक आपले आहेत, त्यांच्यासाठी नवे वार्ताहर तयार झाले पाहिजेत. हा वर्ग यशस्वी झाल्यास नव्या वर्षापासून दोन्ही बाजूंच्या वार्ताहरांना शिकवण्याचे काम आपल्याकडेच देऊ, आणि ते आपल्या नावानिशी जाहीर करू.' नावानिशी! हा शब्द त्याने इतक्या वेळा वाचला होता की कागदाची घडी तिथेच फाटायला आली होती. 'श्री.' लावावे की न लावावे, यावर बातमीत त्याने दोनदा खाडाखोड केली होती. शेवटी लावला. दुसऱ्यांना आजवर हजारदा लावला, एकदा स्वतःला लावला तर काय बिघडले?

सौंसरच्या स्टँडवर मुकुंद वकील उभाच होता – तिशीचा, उत्साही, वर्गाची सगळी जमवाजमव त्याचीच. हातातून पिशवी घेत म्हणाला, "दत्तूजी, चारच्या नागपूर मोटारीच्या कंडक्टरला सांगून ठेवलं आहे. पाकीट तो हातोहात पेपरच्या कचेरीत देईल. आणि एक गंमत करून ठेवली तुमच्यासाठी!"

"कसली गंमत?"

"सत्तेचाळीसची तुमची झेंड्याची बातमी. बारा प्रती काढल्या तिच्या. शेवटी मीच वाचणार वर्गात. आणि ऐकायला साक्षात मनकर्णाबाई! भाचीकडे असतात आता, इथंच, सौंसरात. कालच जाऊन सांगून आलो, येतो म्हणाल्या."

दत्तात्रय हसला. हसणे भाग होते. छातीत काहीतरी टोचले. त्याने खिशावर हात ठेवला.

ती बातमी... तिच्यामुळे तर त्याचा एवढा मान झाला होता. पंधरा ऑगस्ट, सकाळी आठला पांढुर्ण्याच्या बाजारचौकात झेंडा, आठ वाजून दहा मिनिटांनी पॅसेंजर. कार्यक्रमपत्रिकेत छापलेच होते – ध्वजारोहण, वीरमाता मनकर्णाबाई यांच्या हस्ते. तिचा मुलगा गजानन बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेला आणि तिथेच तापाने वारला. दत्तात्रयने चौदा तारखेच्या संध्याकाळी दुकानाच्या फळीवर बसून लिहिले – 'मनकर्णाबाईंनी थरथरत्या हातांनी दोरी ओढली, तिरंगा फडकला, आणि त्या माउलीच्या डोळ्यांतून घळघळा आसवे वाहू लागली.' लिहिताना त्याचेच डोळे भरून आले होते, कागदावर जांभळा डाग पडला होता. सकाळी चौकात आठ वाजले तरी कोणी मोठे आले नव्हते. तो स्टेशनकडे पळाला, पाकीट दिले, धापा टाकत परत आला, तर झेंडा वर गेलेला, आणि खांबाशी गावचे बडे जमीनदार मालगुजार दादाजी दोरीची गाठ मारत उभे. मनकर्णाबाई मागे, बायकांच्या घोळक्यात. तिच्याकडे त्याने नीट पाहिलेही नाही. पाहिले असते तर... पण पाकीट गेले होते. तार केली असती तर बातमी थांबली असती. नाही केली. सोळा तारखेला ती पहिल्या पानावर आली, चौकट घालून.

आणि कोणीच काही बोलले नाही! आठवड्यात लोक त्यालाच सांगू लागले – आमी होतो ना तेथ, म्हातारीनं दोरी ओढली अन् अशी रडली, अशी रडली... पुढे पुढे त्यालाही ते दिसायला लागले. आज विचाराल तर डोळे मिटून सांगेन, हातात कोणता चुडा होता ते.

शाळेच्या खोलीत अकरा जण होते. मनकर्णाबाई खुर्चीवर, पदर कपाळापर्यंत, हात मांडीवर. त्याने नमस्कार केला. तिने मान हलवली. बस, एवढेच. आणि मग तो बोलू लागला, आणि पहिल्या पाच मिनिटांतच सगळे विसरला. असे कधी बोललाच नव्हता तो! बावीस वर्षे जे कोणी विचारले नाही ते आपोआप येत होते – आकडा दोघांना विचारा, नाव ज्याचे त्यालाच लिहायला सांगा, मोठा माणूस काय बोलला त्याआधी शेवटच्या रांगेतले लोक काय बोलत आहेत ते ऐका. पेन्सिली भराभर चालत होत्या. मी शिकवतो आहे, आणि मला येते आहे... मधेच भानावर येत त्याने फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले – 'बातमीदार कुठे उभा होता?' आणि वळून म्हणाला, "बातमी वाचली की पहिला प्रश्न हा विचारायचा. उत्तर मिळालं नाही, तर ती बातमी खोटी समजायची." हे वाक्य त्याला स्वतःलाच फार आवडले.

मग साडेतीनला मुकुंद उठला आणि ती बातमी वाचू लागला. छान वाचत होता. 'घळघळा आसवे' आले तेव्हा पुढच्या बाकावरच्या दोघांनी डोळे पुसले. टाळ्या झाल्या.

चिंधूने टाळी वाजवली नाही. लोधीखेड्याचा हा चाळिशीचा बागाईतदार, वर्ग सुरू झाल्यापासून प्रत्येक शब्द टिपत बसलेला. आता त्याने फळ्याकडे पाहिले, वहीकडे पाहिले आणि भाबडेपणाने विचारले, "मंग तुमी तवा कोठं उभे होते जी, सर?"

उत्तर तयार होते. खांबाच्या उजवीकडे, दहा पावलांवर. नऊ वर्षांत ते शंभरदा दिले होते, जिभेवर येऊन बसलेही होते. दत्तात्रयने फळ्यावरचे स्वतःचे अक्षर पाहिले, खिशातल्या 'श्री.'ची आठवण झाली, नव्या वर्षाची, 'नावानिशी'ची. एक वाक्य म्हटले की झाले, चार वाजतात, पाकीट जाते, उद्या मी छापला जातो. आणि मनकर्णाबाईंनी मान वर केली होती. ती त्याच्याकडे बघत होती, रागाने नाही, वाट बघितल्यासारखी. किती दिवसांपासून?

"स्टेशनवर," तो म्हणाला.

वर्ग हसला. गंमत वाटली त्यांना.

"खरंच स्टेशनवर होतो. बातमी आदल्या दिवशीच लिहिली होती. मी काही पाहिलं नाही. झेंडा बाईंनी नाही, दादाजींनी चढवला."

मुकुंदच्या हातातला कागद तसाच राहिला. दत्तात्रयला वाटले, संपले. बावीस वर्षे संपली, तीही भर वर्गात, स्वतःच्याच तोंडाने.

"आता बोलला," मनकर्णाबाई म्हणाली. आवाज घोगरा, पण स्वच्छ. "दोरीचं मले काई नाई, बापू. पन मी रडली मून कायले लिवलं? मी नाई रडली."

त्याने हातातला खडू खाली ठेवला.

"ज्यानं माह्या गजाननाची जमानत नाई घेतली, पाया पडली तरी नाई घेतली, त्यानं माह्या हातातून दोरी घेतली. मी त्याच्याकडे पाहून राहिली होती. एक टिपूस नाई आला डोयातून. अन् कोनाले सांगाले गेली तं लोकं मनत, बाई, पेपरात तं तुमचंच नाव हाय, आता काय पाह्यजे अजून? नऊ वर्सं झाले. जो भेटते तो मले मनते, तुमी किती रडल्या..."

ती आसवे माझी होती. दुकानाच्या फळीवरची, चौदा तारखेची. ती मी हिच्या डोळ्यांत घातली, आणि हिचा राग, जो खरा होता, जो पाहायला मी चौकात थांबलो असतो तर जन्मभरातली एकच बातमी मला मिळाली असती, तो मी पुसून टाकला. दादाजींना कोणी एका शब्दाने विचारले नाही, ते माझ्यामुळे! लाज वाटली त्याला, कान तापले इतकी. आणि तिच्याबरोबरच, कशी कोण जाणे, छातीत धडधड सुरू झाली, अगदी बावीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा पेन्सिल हातात घेतली होती तशी. लाजेच्या वेळी माणसाने आनंदू नये. पण तो आनंदच होता.

बाहेर मोटारीचा भोंगा वाजला. मुकुंदने घड्याळ पाहिले, मग त्याच्याकडे, अवघडून. "दत्तूजी... चारची आली. पाकीट?"

दत्तात्रयने ते खिशातून काढले. बदामी, जाड, 'तातडीचे'. आत तो 'श्री.' लावून बसला होता, आणि सगळे मंत्रमुग्ध झाले होते. संपादक काय म्हणतील? नवे वर्ष, शिकवण्याचे काम, नाव... ठाऊक नाही. एक तारखेपासून आपण कोणत्या राज्याचे, तेसुद्धा एकवेळ ठाऊक होते, हे नव्हते. तो फळ्यापासून दूर झाला, चिंधूशेजारी बाकावर जागा करून बसला, आणि पाकीट पालथे केले. मागची बाजू कोरी होती.

भोंगा पुन्हा वाजला.

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही कुठं उभ्या होत्या, तिथपासून सांगा."

मनकर्णाबाईने पदर सारखा केला, खिडकीबाहेर पाहिले. अकरा जण वाट बघत होते. त्याने पेन्सिलीचे टोक जिभेला लावले, ती कडवट जांभळी चव तोंडात पसरली, आणि हात कागदावर टेकला. ती बोलेपर्यंत त्याला पुढचे एक अक्षरही माहीत नव्हते.