कोंबडीच्या रक्तातली जखीण

१९७४ सालच्या एका रविवारी कासारवाडी स्टेशनमागच्या पत्र्याच्या शेडपुढे दोनशे माणसं रांगेत उभी होती. कंपनीतलं मशीन अडलं तर ही माणसं फिटरला बोलवत. स्वतःचं अंग दुखलं की काचवाल्या महाराजांकडे येत. महाराज बोटाला सुई टोचत, थेंब काचेवर घेत, त्यावर फुंकर घालत आणि सूक्ष्मदर्शकात रक्तातलं भूत दाखवत. भूत शास्त्रोक्त होतं, त्यामुळे शिकलेलेही रांगेत होते.

नजमुन्निसा चिंचवडच्या एका दवाखान्यात रक्त तपासायची. तिच्या शेजारच्या कौशल्याबाईंना महिनाभर खोकला होता. महाराजांनी त्यांच्या रक्तात 'लाल दाण्यांची जखीण' दाखवली आणि ही करणी सुनेची, असं सांगितलं. पाच महिन्यांची गरोदर सावित्री त्याच दिवशी थेरगावला माहेरी धाडली गेली.

म्हणून आज नजमुन्निसा काखेत कोंबडी घेऊन आली होती. कौशल्याबाईंना आणि त्यांच्या यजमानांनाही तिने ओढून आणलं होतं.

"महाराज, ही अंडी देत नाही. बाधा असेल."

लोक हसले. महाराजांना मागे हटता येईना. त्यांनी कोंबडीला टोचलं, फुंकर घातली. "बघ. तीन डोक्यांचा वेताळ. शेजारी जखीण."

तिने पाहिलं. वेताळ म्हणजे न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी, केंद्रकाचे तीन तुकडे. जखीण म्हणजे दुसरी पांढरी पेशी, नारिंगी-लाल दाण्यांची इओसिनोफिल. कोपऱ्यात तिसरी, लिम्फोसाइट, गोल केंद्रकाने सगळी जागा अडवून बसलेली. त्या पेशीला मात्र महाराजांनी अजून भुताची नोकरी दिली नव्हती.

"कौशल्यामावशी, बघा. तांबड्या पेशी कशा आहेत?"

"गोल हायेत."

"आत ठिपका?"

"न्हाई."

नजमुन्निसाने पिशवीतली काच लावली. "हे याच कोंबडीचं रक्त, सकाळी दवाखान्यात रंगवलेलं."

"ह्या लांबट हायेत. परतेकीत जांभळा ठिपका."

"पाखराचं रक्त असंच असतं. गोल, बिनठिपक्याचं असतं ते माणसाचं."

"जखीण रूप पालटते," महाराज म्हणाले.

"मग जरा उठा. कोंबडीची काच कुठे गेली, बघू."

ते उठेनात. तेव्हा कौशल्याबाईंचे यजमान अर्जुनराव पुढे झाले आणि त्यांनी आसन ओढलं. खाली सकाळपासूनच्या रक्ताच्या काचा होत्या, कुणाचंच रक्त रंगवलेलं नव्हतं. कोंबडीचीही त्यातच.

"रक्त रंगवायला पाव तास लागतो, फुंकरीने रंगत नाही," नजमुन्निसा म्हणाली. "हे सगळ्यांना एकच रंगवलेली काच दाखवतात. आणि या पांढऱ्या पेशी प्रत्येकाच्या अंगात असतात, रोगाशी लढायला. तुम्ही सगळे त्यांनाच भूत म्हणून उतरवायला निघालात."

कौशल्याबाईंचं रक्त तिने दुसऱ्या दिवशी खरोखर तपासलं. इओसिनोफिल बऱ्याच वाढल्या होत्या; अंगात जंत असले की त्या वाढतात, खोकलाही येतो. डॉक्टरांना जंत सापडले. गोळ्यांनी खोकला थांबला.

कौशल्याबाई सुनेला आणायला थेरगावला निघाल्या, पण नजमुन्निसाच्या दारातच थबकल्या. "सावित्रीला काय सांगू?"

"दिसलं ते सांगा. आणि पुढे कुणी काही दाखवलं, तर तो ते कसं दाखवतो, हे आधी विचारा."

"आन् तिनं दार न्हाई उघडलं तर?"

नजमुन्निसाने चप्पल घातली. ती त्यांच्याबरोबर निघाली.