निवळीचं बी

शंकुण्णी वैद्यर रोज सकाळी निवळीच्या एकाच बीला दोन कामांना जुंपत. आधी ते मातीच्या घड्याला आतून घासायचं, म्हणजे विहिरीचं गढूळ पाणी तासाभरात निवळे. मग तेच मधात उगाळून बायकोच्या डोळ्यांत घालायचं. नंतर घडा तिच्यापुढे ठेवून ते विचारत, "कार्त्यायनी, तळ दिसतो?"

"दिसतो की! मुंगी पडलीय बघा तळाशी. काढा ती."

वैद्यर मुंगी शोधत. ती सापडली नाही, की त्यांना स्वतःच्याच नजरेची काळजी वाटे.

त्रिशूरहून लेक, थंकम, वडिलांकडे फोनवर कटकट करी, "अच्छन, अम्माला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊ या."

"त्याला म्हणावं, आधी घडाभर पाणी निवळून दाखव!" हे उत्तर वैद्यरांना इतकं आवडलं होतं, की ते त्यांनी अख्ख्या गावाला ऐकवलं होतं.

एकदा सकाळीच रोगी आले आणि घडा घासायचाच राहिला. वैद्यर मागच्या पडवीत आले, तेव्हा कार्त्यायनी घड्यावर वाकून कौतुकानं म्हणत होती, "आज काय निवळलंय हो पाणी! नुसती काच!"

पाणी दुधाच्या चहासारखं होतं. बी वैद्यरांच्या मुठीत कोरडंच होतं.

"कधीपासून दिसत नाही?" त्यांनी विचारलं.

तिनं घड्याचा काठ चाचपला. मग म्हणाली, "तुम्ही इतक्या हौसेनं विचारायचात. नाही कसं म्हणू?"

त्रिशूरच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, वेळेवर आणलं असतं तर उरलेली राखता आली असती, एवढंच तो म्हणाला. घडा निवळून दाखवायला त्याला कुणी सांगितलं नाही.

घरी पोचून कार्त्यायनीला आत बसवतात तो शेजारचा वेलायुधन अंगणात हजर. "वैद्यर, आमच्या म्हातारीला अंधुक दिसतंय. कार्त्यायनी चेचीला गुण आला, तेच बी द्या."

"तिला त्रिशूरला ने. आजच्या आज."

"वा! घरच्यांना औषध आणि आम्हाला बसचा रस्ता?"

 तेवढ्यात आतून, भिंत चाचपत, कार्त्यायनी दाराशी आली आणि अंगणातल्या पपईच्या झाडाकडे बघून हसली.

"द्या हो त्याला. तुमच्या हाताला गुण आहे. वेलायुधन, किती वाळलास रे!"

"बघा!" वेलायुधन म्हणाला, आणि त्यानं हात पुढे केला.