एल्लेच्या कमरेची सुरी

मी सुरी बोलतेय. गोड बोलायची नाही, आधीच सांगते. रागात आहे मी, आणि माझा राग एका आईवर आहे.

दिसायला मी लहानशीच. पातं लांबीला माणसाच्या तळहाताच्या रुंदीएवढं, मूठ भूर्जाच्या गाठीची, म्यान रेनडिअरच्या शिंगाचं. मला सांधा नाही, मी मिटत नाही. वसंतातल्या बाजारात लोहाराने बर्फावर कातडं अंथरून मला मांडलं होतं. तिथे रिस्टेन आली, आणि तिच्या मागे तिची सासू बिरेत. रिस्टेनची पोर एल्ले सात वर्षांची झाली तरी तिच्या कमरेला सुरी नव्हती. आमच्या माळावर पोरं चालायला लागली की कमरेला सुरी लटकते, त्यामुळे बिरेतला चारचौघांत खाली बघायची वेळ यायची.

रिस्टेनने आधी मिटणारी सुरी उचलली. "सासूबाई, ही घेऊ या. मिटवून ठेवली की घोर नाही."

"थंडीत गोठली की उघडायची नाही," बिरेत म्हणाली. "आणि उघडलीच, तर सांध्यात जनावराचे केस अडकून पातं नीट बसायचं नाही, पोरीच्या बोटांवर मिटेल. बोटं जड झालीत का तुला तिची?"

मग लोहाराने एक लांब, चकचकीत पातं पुढे केलं. बिरेतने हातसुद्धा लावला नाही. "हे अस्वल मारायला, की शेजाऱ्यांना दाखवायला?"

शेवटी तिने मला एल्लेच्या हातात दिलं. हातमोजा घालून उपसायला लावलं. म्यान उलटं धरून हलवलं, मी पडले नाही. पोरीची मूठ माझ्यावर अशी बसली, जशी चिमणी फांदीवर बसते. "हीच," बिरेत म्हणाली.

रिस्टेन हळूच लोहाराकडे झुकली. "भाऊ, यातली जरा कमी धारेची नाही का हो?"

"आहे की, वहिनी. तिला चमचा म्हणतात."

सगळे हसले. रिस्टेन हसली नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

थोडे दिवस मी सुखात होते. एल्ले माझ्याने सुकं मांस कापायची, शेकोटीसाठी काटक्या सोलायची, दोर तोडायची. एकदा बोटाला बारीकसं लागलं. तिने बोट तोंडात घातलं आणि पुन्हा कामाला लागली. पण रिस्टेनने हातातला घास खाली ठेवला. पोर झोपेत कुशीवर वळली तरी ही उठून बघायची. एवढं एकच लेकरू, आणि त्याच्या कमरेला लोखंड.

एक दिवस एल्ले मला तंबूत ठेवून पाण्याला गेली होती. रिस्टेनने मला उपसलं, तंबूमागे नेलं, आणि माझी धार दगडावर उभी धरून घासली. धार लावायला घासतात तसं नव्हे, मारायला. "बाई गं, राग मानू नकोस," असं ती पुटपुटत होती.

का मानू नको? आईचं काळीज मला कळतं. पण अगं, धारेच्या वस्तूला माणूस जपून धरतो. बोथट वस्तूला जोर लावतो, आणि जोर घसरतो. एवढं साधं कुणी तुला सांगितलं नव्हतं?

दुसऱ्याच दिवशी एल्ले आईकडे गेली. "आई, ही कापतच नाही."

"तुझाच हात कच्चा आहे," रिस्टेन म्हणाली. मान वरसुद्धा केली नाही तिने. म्यानात मी थरथरले. मला बोथट केलंस ते केलंस, वर पोरीच्या हाताला बोल?

उन्हाळ्यात पाडसांच्या कानांवर खुणा करायचे दिवस आले. रेनडिअरचा कळप कुंपणाच्या वाडग्यात घेतला. आमच्याकडे कानावर ज्याची खूण, त्याचं जनावर. खूण एकदा पडली की पडली. तिच्यावर पुन्हा सुरी चालवणाऱ्याला चोर म्हणतात. एल्लेला या वर्षी स्वतःची खूण मिळाली होती, डाव्या कानाच्या खालच्या कडेला एक छोटी खाच. तिचा चुलत काका हेइक्का, त्याची खूण त्याच कानाला, पण खाच नव्हे, शेंड्यापर्यंत गेलेला तिरका छेद. उजवा कान दोघांचाही कोराच.

बिरेतने एक पांढऱ्या कपाळाचं पाडस धरलं. "घे पोरी, हे तुझं पहिलं. एका झटक्यात काप, त्याला दुखू देऊ नकोस."

एल्लेने मला कानावर टेकवलं. मी चिरेना. तिने जोर लावला. पाडस ओरडलं. तिने दोन्ही हातांनी रेटलं आणि मी घसरले, कडेवरून थेट शेंड्यापर्यंत.

हेइक्का कुंपणावरून वाकला. "वा, पुतणे! काकाला पाडस बक्षीस? पुढच्या वर्षी दोन दे हं." मग पोरीचा चेहरा बघून त्याचंच हसू विरलं. "मी तरी काय करू, बिरेतकाकू? आता कान माझं नाव सांगतोय."

"सुरीच नाठाळ निघाली," कुणीतरी म्हणालं.

एल्लेने मला टाकून दिलं. "सुरी नाही. माझाच हात कच्चा आहे. आई म्हणाली होती. मी परत कधी कापणार नाही."

रिस्टेन पांढरीफटक पडली. गप्प बसली असती तर निभावलं असतं. पोरीने आयुष्यात पुन्हा सुरी धरली नसती, हिला हवं होतं तेच झालं असतं. पण ती चिखलातून चालत आली आणि सगळ्यांसमोर बोलली, "तिचा हात चांगला आहे. सुरीची धार मी मारली. दगडावर घासून. मला भीती वाटत होती."

बिरेतने तोंड उघडलं, पण एल्लेच आधी बोलली. "मग पाडस तू घालवलंस."

"हो."

"आणि माझा हात कच्चा म्हणालीस."

"हो गं."

एल्लेने मला चिखलातून उचललं आणि आईपुढे धरलं. "लाव धार. आत्ता. माझ्यासमोर."

रिस्टेन खाली बसली. धारेचा दगड मांडीवर घेतला. तिचे डोळे गळत होते, पण घासताना तिने कुचराई केली नाही. एल्लेने नखावर धार बघितली आणि दोनदा परत दिली. तिसऱ्यांदा घेतली.

आता मी पुन्हा तिच्या कमरेला आहे. पांढऱ्या कपाळाचं पाडस हेइक्काच्या कळपात चरतं. एल्ले कुंपणाशी उभी राहून त्याला बघते, तेव्हा माझं पातं जळतं. ते पाडस आता परत येणार नाही.

आयांनो, पोराला सुरी द्यायची नसेल तर देऊ नका, भांडण नाही. पण दिलीत तर धारेसकट द्या. लपून तिची धार मारू नका, आणि मग पोराच्या हाताला नावं ठेवू नका. रिस्टेन रोज संध्याकाळी मला दगडावर घेते, चुकत नाही. मी धार घेते. माफी अजून दिलेली नाही.